पाठमोरे बसणारे कंट्रोलर

तालमीला ते आमच्याकडे पाठ करून बसायचे. शाळेच्या मैदानाच्या पार टोकाला, बाभळीच्या कुंपणाजवळ एक जुनी लोखंडी खुर्ची पडलेली असायची. ती रस्त्याकडे तोंड करून ठेवायची, मांडीवर काळी छत्री घ्यायची आणि बसायचं. आम्ही इकडे व्हरांड्यात बोलायचो. एखादा शब्द त्यांच्यापर्यंत गेला नाही की छत्री उघडायची. भर थंडीत, ढगाचा पत्ता नसताना ती छत्री फटकन उघडली की आम्ही समजायचो, पुन्हा पहिल्यापासून.

एखादं पोर वैतागून म्हणायचं की काका, एकदा आमच्याकडं बघा तरी. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तुमच्यात बघण्यासारखं काय हाय? मला ऐकू येऊ द्या."

त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून भोंग्यावरून गाड्या सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावरही अख्खा तालुका त्यांना कंट्रोलरच म्हणायचा. आम्ही मुलं कंट्रोलर काका म्हणायचो. खाकी शर्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही, फक्त खांद्यावरची पट्टी काढून टाकली होती. तिथल्या कापडाचा रंग बाकीच्यापेक्षा गडद होता, त्यामुळे पट्टी काढलेली आहे हे लांबूनच कळायचं.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या पुढं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जातं. कुणी नगरकडं, कुणी कऱ्हाडकडं, कुणी थेट कर्नाटकात. आईबापांच्या मागं राहिलेल्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह असायचं. दोन खोल्या, एक स्वयंपाकीण मावशी आणि आम्ही चाळीसएक पोरंपोरी. मी आठवीत असताना पुण्याच्या एका संस्थेनं अशा वसतिगृहांत मुलांसाठी चित्रं, गाणी, नाटक असं काही सुरू केलं. ते काम बघणाऱ्या एक ताई होत्या, तरुण, भल्या, सारख्या धावपळीत असलेल्या. चित्रं शिकवायला त्यांना एक मुलगा मिळाला. नाटकासाठी मात्र इतक्या आडवाटेला यायला कुणी तयार होईना. तेव्हा गेवराईच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या ताईंना हे गृहस्थ भेटले. निवृत्त होऊनही ते रोज स्टँडवर जाऊन बसत. ताईंनी काय काम आहे ते सांगितलं. त्यावर ते म्हणाले म्हणे, मला नाटक येत नाही, पण पोरांना बोलायला शिकवतो.

मंगळवारी आणि शुक्रवारी ते दुपारच्या एसटीनं यायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी आमची नावं विचारली नाहीत. प्रत्येकाला एकच प्रश्न होता, आईबाप कुठं गेलेत? आणि जे उत्तर मिळालं तेच त्या पोराचं नाव झालं. ए कऱ्हाड, इकडं ये. ए जमखंडी, नाक पूस. तिघे भाऊ होते, त्यांचे आईबाप कागलकडं गेलेले. त्यांना ते कागल एक, कागल दोन, कागल तीन म्हणायचे. माझे आईवडील नगरच्या पलीकडं एका कारखान्यावर होते, म्हणून मी नगर.

आम्हाला आधी हे आवडलं नाही. आईबाप गेलेत हे आम्ही दिवसभर विसरायला बघायचो आणि हा माणूस तेच नाव घेऊन हाका मारायचा. पण महिनाभरात सवय झाली. मग तर एका नवीन मुलीचे आईवडील त्या साली गावातच राहिले होते, तरी ती घरून इकडे खेळायला यायची आणि मला पण गावाचं नाव द्या म्हणून हट्ट करायची.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काम लावलं. आपापल्या आईबापाकडं जाणारी गाडी सांगायची, अगदी स्टँडवर सांगतात तशी. कोणत्या गावावरून, कोणत्या मार्गे, कुठवर. आम्ही उभे राहिलो आणि लक्षात आलं की वाट कुणालाच माहीत नाही. आम्हीही लहान असताना आईबापांबरोबर गेलो होतो, पण ट्रकमधून, भांड्याकुंड्यांच्या मध्ये, गोधडीत गुंडाळून. गावं दिसलीच नव्हती. काकांनी डोक्याला हात लावला. मग मुख्याध्यापक गुरुजींच्या मागं लागून त्यांचा फोन घेतला आणि एकेकाला बापाशी बोलायला लावलं. विचारायचं काय, तर गाडी कुठकुठून गेली.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, फोनवर दोनच वाक्यं बोलायचे. जेवलीस का, आणि नीट राहा. त्या दिवशी मी विचारलं की अण्णा, आपल्या गावावरून तिकडं जाताना कोणती गावं लागतात. ते घोटाळले. मग सुरू झाले. बोधेगाव लागतं, तिथं चहा घेतला, शेवगावला ट्रकचं चाक बदललं, पुढं एका नदीवर पहाट झाली, तुझ्या आईनं नदीला हात जोडले. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मागून आई सांगत होती, ते पुलाचं सांगा, ते मेंढरांचं सांगा. गुरुजींनी शेवटी फोन काढून घेतला.

शुक्रवारी आम्ही एकेकानं गाडी सांगितली. कागल तीन सगळ्यांत लहान, पहिलीतला. त्यानं कागलपर्यंतची सगळी गावं पाठ केली होती. सांगून झाल्यावर तो म्हणाला, गाडी सुटते आहे, आणि व्हरांड्याची पायरी उतरून खरंच चालायला लागला. त्याला परत आणायला काका स्वतः खुर्चीवरून उठले. कडेवर घेऊन आले, पण त्याला गप्प बस म्हणाले नाहीत. रडू दिलं, आणि रडून झाल्यावर म्हणाले, पाचवं गाव नीट ऐकू आलं न्हाई, ते एकदा सांग.

ते कधीच समजलं का असं विचारत नसत. पोचलं का, असं विचारत.

हे खूळ त्यांना लागलं कुठून, ते एकदाच बोलले. शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, खिडकीत बत्तीस वर्षं काढली. माणसं यायची आणि नुसती उभी राहायची. हातात कुणीतरी लिहून दिलेली चिठ्ठी पुढं करायची. मी विचारायचो, कुठं जायचंय? तर बोलायची नाहीत. मुकी नव्हती ती. बाहेर जाऊन आपल्या माणसांत ओरडून बोलायची. पण खिडकीसमोर, खाकी कपड्यासमोर, स्वतःच्या गावाचं नाव तोंडातून निघायचं नाही. आणि मी, ते पुढं म्हणाले, मी त्यांच्यावर खेकसायचो. मग त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली आणि विषय संपवला.

फटकळ होतेच. एका साली ताईंनी आम्हाला अंबाजोगाईला एका बालनाट्य स्पर्धेला नेलं. मोठा मांडव, आरास, समोर सोफे. आमचं नाटक रंगात आलं आणि तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, दोन तास उशिरा. संयोजकांनी आम्हाला हातानं थांबायची खूण केली. पाहुणे स्टेजवर चढले, शाल, नारळ, हार, फोटो. आम्ही पात्रं एका कोपऱ्यात अंग चोरून उभी. एवढ्यात मांडवाच्या पार मागून, माईक नसताना, माईकवरून यावा तसा आवाज आला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. गाडी सुटलेली आहे. फलाटावर उभ्या असलेल्या पाहुण्यांनी कृपया आपापल्या जागेवर बसून घ्यावे."

अख्खा मांडव हसला. पाहुणेही हसले, कारण दुसरं काही करणं शक्य नव्हतं, आणि शाल सावरत खाली जाऊन बसले. बक्षीस अर्थातच मिळालं नाही. ताई परतीच्या गाडीत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. काका खिडकीशी बसून एकामागून एक पेरू खात होते.

त्यांच्या बायकोला मी दोनदा भेटले. त्या म्हणायच्या, घरात हे तोंड उघडत नाहीत. भाजीत मीठ कमी असलं तरी सांगत नाहीत, मुकाट जेवतात. मला ते खरंच वाटेना.

आता माझ्या आवाजाबद्दल सांगते. माझा आवाज लहानपणापासून भसाडा. अंधारात बोलले तर पुरुष बोलतोय असं वाटावं असा. वर्गात पोरं हसायची, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. प्रार्थनेत नुसते ओठ हलवायचे. काकांच्या तालमीतही पहिलं वर्ष मी जेमतेम बोलले. एकदा मैदानात डबा घेऊन पळणाऱ्या कुत्र्याला मी हाड म्हणून ओरडले. काका पलीकडच्या टोकाला पाठमोरे बसलेले. त्यांनी मान न वळवता विचारलं, हा कोण गडी? पोरं हसत सुटली. नगर, नगर, असं सगळ्यांनी सांगितलं. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ते म्हणाले, "हा आवाज चकलांब्याच्या स्टँडवर भोंग्याबिगर चालंल. आतापासून बापाचं काम हिला."

नववीत असताना आम्ही जे नाटक बसवलं, त्यात म्हणूनच मी बाप होते.

नाटक आमचंच होतं. काकांनी कधी काही लिहून दिलं नाही. काय बघितलंय ते आणा, एवढंच म्हणायचे. मुलींनी आणलं ते एकच होतं, कारण त्या साली आमच्यात तेच चाललं होतं. ऊसतोडीला नवराबायको जोडीनं लागतात. मुलीचं लग्न लवकर लावून दिलं की तिची जोडी होते, आणि मागं ठेवलेल्या मुलीची काळजीही मिटते. आठवी-नववीतल्या मुली दिवाळीनंतर शाळेत दिसायच्या आणि गुढीपाडव्यापर्यंत सासरी गेलेल्या असायच्या. नाटकात एक बाप हंगामातून दोन दिवसांसाठी गावी येतो आणि मुलीला सांगतो की तुझं ठरवलंय. एवढीच गोष्ट. मुलीचं काम नंदा करायची. ती माझ्या शेजारच्या अंथरुणावर झोपायची, आवाज गोड, पाठांतर पक्कं.

ताईंचं म्हणणं होतं की शेवटी पोलीस यावेत, लग्न थांबावं आणि सगळ्या मुलींनी एका रांगेत उभं राहून घोषणा द्यावी. मदतीसाठीचा फोन नंबरही सांगावा. त्यांचा हेतू चांगला होता आणि आज मला वाटतं, नंबर सांगायला काही हरकत नव्हती. पण काका आम्हा मुलींकडं वळून म्हणाले, तुमच्यापैकी कुणी पोलीस आलेले बघितलेत? कुणीच नाही. मग जे बघितलं न्हाई ते कशाला करायचं? ताई म्हणाल्या, घोषणा तरी असू दे. त्यावर ते म्हणाले, मी आयुष्यभर घोषणा केल्या, पण माझ्या मागं गाडी उभी असायची. तुमच्या घोषणेमागं गाडी कुठाय?

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तसं बोलायला नको होतं त्यांनी.

शेवट मग मोकळाच ठेवला. बाप बोलतो आणि मुलगी उत्तर देते. उत्तर काय द्यायचं ते नंदानं त्या त्या दिवशी ठरवायचं. कधी ती रागवायची, कधी विनवायची, एकदा तर बापालाच विचारलं की तुमचं लग्न झालं तेव्हा आई केवढी होती.

आता जी गोष्ट तेव्हा मी कुणालाच सांगितली नव्हती ती अशी की त्याच हिवाळ्यात माझंही ठरत होतं. चुलत्यानं स्थळ आणलं होतं. मुलगा त्याच टोळीतला, अण्णांबरोबर ऊस तोडणारा. उसाचा हंगाम संपला की लगेच लग्न. संक्रांतीला अण्णा एक दिवस येऊन गेले, तेव्हा वसतिगृहाच्या भिंतीला टेकून बसले होते आणि मला न बघता बोलले होते. ते जे बोलले, तेच वाक्य मी पुढच्या तालमीत बापाच्या तोंडी घातलं.

"तुला मागं ठेवून गेलो की मला तिकडं झोप लागत न्हाई. कोयता चालवताना मन इकडं असतंय. तुझं एकदा लगीन लागलं की मी निवांत झोपंन."

छत्री उघडली नाही. काका उठून व्हरांड्यापर्यंत आले. असं ते सहसा येत नसत. हे वाक्य कुणाचं, असं विचारलं. मी म्हणाले, मी मनानं केलं. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, बरं, ठेव.

फेब्रुवारीत त्यांनी आम्हा बारा मुलांना एसटीनं नगरच्या पलीकडं नेलं, माझे आईवडील होते त्या कारखान्यावर. साफसफाईसाठी कारखाना दोन दिवस बंद होता, त्यामुळे टोळ्या आपापल्या कोप्यांवर होत्या. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी. गुरुजींनी मावशीला बरोबर दिलं. ताईंना काकांनी विचारलंच नाही. फोन लागला नाही असं ते नंतर म्हणाले.

दुपार होती. कोप्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आम्ही उभे राहिलो. माणसं बैलगाड्यांच्या जुवांवर, दगडांवर बसली, बाया मुलं घेऊन मागं. काका सगळ्यांच्या मागं जाऊन, उसाच्या ढिगाकडं तोंड करून, एका उलट्या घमेल्यावर बसले. माझी आई पुढंच होती. अण्णा जरा बाजूला, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे. माझ्या डोक्याला त्यांचाच जुना पटका बांधलेला होता, आईनंच बांधून दिलेला.

सुरुवातीला लोक हसले. पोरगी पुरुषाच्या आवाजात बोलतेय म्हणून. मग हसायचे थांबले. मी ते वाक्य बोलले तेव्हा मी नंदाकडं बघायला हवं होतं. मी अण्णांकडं बघितलं. त्यांचा बैलावरचा हात थांबला. आणि त्याच वेळी मला दिसलं की काका वळलेत. दोन वर्षांत पहिल्यांदाच, नाटक चालू असताना, ते आमच्या बाजूला तोंड करून बसले होते, पण बघत होते ते मला नाही, अण्णांना.

आता नंदानं उत्तर द्यायचं होतं. ती बोललीच नाही. माझा आवाज ऐकून की त्या माणसांची तोंडं बघून, कुणास ठाऊक. आम्ही वाट बघितली. मग मावशीनं टाळी वाजवली आणि नाटक संपलं, असं सगळ्यांना वाटलं.

आमच्या कोपीत आईनं भाकरी टाकल्या. अण्णा आले, हात धुतले, बसले. मग भाकरी तशीच हातात धरून म्हणाले, "त्या पोरीनं काईच उत्तर दिलं न्हाई."

"ती विसरली," मी म्हणाले.

"तिच्या मनात काय असंल?"

मला पळून जावंसं वाटत होतं. पण बाहेर बाकीची मुलं जेवत होती आणि पटका अजून माझ्या डोक्यावर होता. मी म्हणाले, "ती म्हणंल की मला शिकू द्या. मी वसतिगृहात निवांत झोपते. मला तिथं भ्या वाटत न्हाई. भ्या तुमाला वाटतंय अण्णा, आन त्यावर माझं लगीन हा इलाज न्हाई."

आईचा हात तव्यावर थांबला होता. अण्णा माझ्याकडं नाही, आईकडं बघून म्हणाले, "हिचा आवाज एवढा कवा झाला?"

"पहिल्यापासून हाय," आई म्हणाली. "तुमी इथं आन ती तिथं. तुमाला कुठून कळावं?"

त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चार दिवसांनी गुरुजींच्या फोनवर अण्णांचा फोन आला. चुलत्याला त्यांनी सांगितलं होतं की या साली न्हाई. पुढच्या सालीही तेच सांगितलं, या साली न्हाई. असं एकेक साल करत माझी बारावी झाली आणि नर्सिंगला नंबर लागला. चुलता दोन वर्षं आमच्या दारात आला नाही.

नंदाचे आईवडील त्या कारखान्यावर नव्हते. ते कर्नाटकात होते. उन्हाळा लागता लागताच, दहावीच्या आधीच, तिचं लग्न झालं. काकांना कळलं तेव्हा ते तिच्या घरी जाऊन आले. काय बोलले ते कुणालाच कळलं नाही. नंदाची आजी सांगायची, म्हातारा पाणी पिऊन ओट्यावर तासभर बसला आणि तसाच उठून गेला. त्यानंतर महिनाभर तालमीत त्यांनी एकदाही छत्री उघडली नाही. आम्ही कसंही बोललो तरी चालत होतं.

संस्थेनं मात्र त्यांना थांबवलं. मुलांना एवढ्या लांब नेताना पालकांची परवानगी घेतली नाही, कुणाला कळवलं नाही, काही झालं असतं तर जबाबदार कोण, असं पत्र आलं. पुढच्या दिवाळीला नाटकासाठी दुसरे सर आले. काका तरीही मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच एसटीनं यायचे. आता शाळेच्या आवारात यायचं नाही म्हणून कुंपणाबाहेर, रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसायचे. शाळा सुटली की पोरं कुंपणातून तिकडं. गुरुजी त्या वेळी हजेरीपटात डोकं घालून बसत. असं त्यांनी पुढं सहा वर्षं केलं.

मी अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागले. तिसऱ्या वर्षी ते हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आले. माझा वॉर्ड वेगळा होता, पण दोन दिवसांत त्यांची कीर्ती माझ्यापर्यंत आली. बाहेर पेशंटची नावं पुकारणाऱ्या शिपायाला बोलावून त्यांनी कॉटवरून धडा दिला होता की आडनाव तोंडातल्या तोंडात खाऊ नये. शिपाई चिडला होता, पण दुसऱ्या दिवशी नावं नीट पुकारत होता.

मी ड्यूटी संपवून चारच्या सुमाराला गेले. ते खूप बारीक झाले होते. मला बघून नगर म्हणाले, मग माझ्या पांढऱ्या कपड्यांकडं बघून सिस्टर म्हणाले, मग पुन्हा नगर. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग एकदम म्हणाले की तुला एक सांगायचंय, बस.

त्यांनी सांगितलं ते असं. त्या तालमीत मी वाक्य मनानं केलं म्हणाले, तेव्हाच त्यांना कळलं होतं की ते माझ्या बापाचं आहे. पोरांच्या तोंडी आलेलं खोटं आणि खरं त्यांना आवाजावरून कळायचं. तरी त्यांनी ते ठेवलं. आणि ठेवून मला त्याच बापासमोर उभं केलं, चारशे माणसांत. त्या वेळी ते वळले ते काही कौतुकानं नाही. त्यांना भीती वाटली. हा माणूस आता उठेल, पोरीचा हात धरेल आणि हिला इथंच ठेवून घेईल, उद्याच्या उद्या लग्न लावेल, असं वाटलं. नंदा गप्प झाली तशी ही कायमची गप्प झाली तर, असं वाटलं. ताईंच्या संस्थेनं पत्रात लिहिलं ते बरोबर होतं, ते म्हणाले. मी कुणाला विचारलं न्हाई. तुझ्या बापाला न्हाई, आन तुलाबी न्हाई. जे झालं ते तुझा बाप चांगला म्हणून झालं. माझी ती चूकच होती, एवढी वर्षं मला ती खातीय.

मी त्यांचं सगळं बोलणं होऊ दिलं. मग म्हणाले, "काका, ते वाक्य मी तालमीसाठी आणलंच नव्हतं. तुमी आम्हाला तिकडं नेणार हे मावशीनं मला आधीच सांगितलंतं. अण्णांना सरळ सांगायची माझी हिंमत नव्हती. मला त्यांना त्यांचंच ऐकवायचं होतं. तुमी नको म्हणाला असता तरी मी ऐन वेळी बोलले असते."

शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याचा मुलगा संत्रं सोलत होता, त्याचा वास सगळीकडं पसरला होता.

"म्हंजे तू मला वापरलंस," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी छताकडं बघत हिशेब लावल्यासारखं केलं.

"मग चूक माझी न्हाई," ते सावकाश म्हणाले. "आन कौतुकबी माझं न्हाई."

मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"चुकीचं जाऊ दे," ते म्हणाले. "कौतुक गेलं, त्याचं तेवढं वाईट वाटायलंय."